पहिल्याचं नाव

अझुमी टोप्यांवर भरतकाम करायची. झारियाच्या जुन्या गावात तिच्या हातच्या टोपीला मान होता. टोपी धुतली की लाकडी साच्यावर चढवून वाळवायची. साचा मोठा निघाला तर ती फाकते, आणि एकदा फाकली की डोक्यावर नीट बसत नाही, हे ती माहेरीच शिकली होती. म्हणून बाळंतपणानंतर धाप लागायला लागली, पाय सुजले आणि डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बघून सांगितलं, "तुझ्या हृदयाचा स्नायू ढिला पडलाय, हृदयाची पिशवी फाकलीय," तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग गेलंच की ते."

"तसं नाही. हे दुखणं पुष्कळदा मागे फिरतं. गोळ्या घे. सहा महिन्यांनी पुन्हा चित्र काढू. पिशवी आवळली, तर दुसऱ्या मुलाचं बोलू. नाही आवळली, तर पुढचं बाळंतपण तुला झेपणार नाही."

ते सहा महिने आज भरले होते. दवाखान्याच्या बाकावर शेजारी सासू डेलू बसली होती, तिच्या मांडीवर मुलगा.

"आज चांगलंच निघणार," डेलू म्हणाली. "पुढच्या खेपेला बाळंतिणीच्या पेजेत खार कमी घालीन हो. डॉक्टरीणबाईंचा हट्टच आहे तर."

"इन्ना, नको ना आत्ता," अझुमी सासूला म्हणाली.

"का? कडुनिंबाच्या डहाळीनं कढत पाणी मी अंगावर घेतलं, खाराची पेज मी प्यायले, माझ्या आईनंही. आमची काळजं काय बकरीची होती?"

त्या पेजेनंतर अझुमीला उताणं झोपवेना, तेव्हा ती उशांना टेकून बसायची आणि ओच्यात तोंड खुपसून खोकायची. बाळंतिणीनं कुरकुरणं लाजेचं.

मुलगा तिच्याकडे झेपावला. ती भिंतीकडे बघू लागली. त्यांच्यात पहिल्या मुलाचं नाव आईनं घ्यायचं नसतं, चारचौघांत त्याच्याकडे बघायचं नसतं. पाजायचं तेही मान वळवून. लाड दुसऱ्यापासून. तिनंही सगळं दुसऱ्यासाठी राखून ठेवलं होतं. नावंसुद्धा ठरवली होती, एक मुलाचं, एक मुलीचं.

आत बोलावलं. डाव्या कुशीवर झोपवून छातीवर गार मलम लावलं. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी उघडत होतं, मिटत होतं. पुरेसं मिटतंय का? अझुमीला कळेना. तिनं पडदा सोडला आणि डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे बघायला सुरुवात केली. बाईंनी एकदा मापलं. कपाळाला आठी पडली. पुन्हा मापलं. अझुमीनं श्वास रोखला.

"श्वास घे गं," बाई म्हणाल्या. "नाहीतर मशीन मलाच रागावेल."

अझुमीला हसू आलं नाही.

डेलूला आत बोलावून बाईंनी दोघींना समोर बसवलं. "पहिल्यापेक्षा बरं आहे. गोळ्या चालू ठेवल्यास तर तू टोप्या भरशील, घर बघशील. पण हृदयाची पिशवी अजून फाकलेलीच आहे. एव्हाना आवळायला हवी होती, फारशी आवळली नाही. दुसरं मूल नको. घरधन्याला पाठवून दे, त्यांच्याशी मी बोलते."

"देवाच्या मनात असलं तर..." डेलूनं सुरू केलं.

"आजी, देवानंच मला हे मशीन दिलंय."



बाहेर येऊन दोघी पुन्हा त्याच बाकावर बसल्या. उठायचं कुणाला सुचेना. समोर बायकांची रांग, त्यातल्या दोघी त्यांच्याच गल्लीतल्या. मुलगा रडायला लागला. डेलूनं त्याला थोपटलं, खांद्यावर घेतलं, तो थांबेना.

अझुमीनं हात पुढे केले. "द्या त्याला."

"लोक बघतायत."

"राखून कुणासाठी ठेवू आता, इन्ना?"

डेलूनं मूल दिलं. अझुमीनं त्याला समोर धरलं, उजेडात नीट पाहिलं. डाव्या कानामागे तीळ होता; तिला तो ठाऊकच नव्हता.

"नुहू," ती हळू म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "नुहू. रडू नकोस रे."

गल्लीतल्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. डेलू उठली, ओढणी नीट करत त्यांच्या नि अझुमीच्या मधे, बायकांकडे पाठ करून उभी राहिली, आणि बराच वेळ तशीच उभी होती.