बसलेल्या बॅटऱ्या उठवणारा सदा

आमच्या भुईगावातला सदानंद म्हणजे कुठलीच वस्तू भंगारात जाऊ न देणारा माणूस. ट्रकची, ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची बसलेली बॅटरी घेऊन कुणी भंगारवाल्याकडे निघाला की हा वाटेत आडवा. "बघू तरी द्या," एवढंच म्हणायचा. मी फर्डिनंड, त्याचा बांधाला बांध लागून शेजारी. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होतो, त्यामुळे माझा आवाज मोठा आणि संयम बेताचा. सदाचं सगळं याच्या उलट.

सातिवलीला चार्जर बनवणाऱ्या एका कारखान्यात तो कामाला होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तो कारखाना बंद पडला आणि सदा घरी बसला. घर वाडीतलं, केळी-फुलांचं. वाडीतल्या ज्या पडवीत पूर्वी केळीचे घड रचून ठेवायचे, तिथे त्याने बॅटऱ्या रचल्या. जुन्या स्टॅबिलायझरमधला ट्रान्सफॉर्मर, हाताने गुंडाळलेली कॉईल आणि आणखी काय काय, सगळं एका फळीवर ठोकून त्याने स्वतःचा चार्जर बनवला. बॅटरी बरेच दिवस तशीच पडली की आतल्या प्लेटांवर पांढरा कडक थर धरतो आणि मग ती करंट घेईनाशी होते. सदाचा चार्जर तिला विजेचे बारीक बारीक झटके लागोपाठ देत राहायचा. हळूहळू तो थर सुटायचा. हळूहळू म्हणजे किती? कधी पंधरवडा, कधी महिना.

"अरे, एवढ्यात कोंबडी पिल्लं काढून रस्त्याला लागते," मी चिडवायचो.

"घाई केली तर प्लेटा वाकतात, फर्डी," तो हसून म्हणायचा. जी खरोखरच गेलेली असेल तिला मात्र "ही गेली" म्हणून सरळ सांगायचा. म्हणून तर त्याच्यावर लोकांचा विश्वास होता.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास लोडशेडिंगने आमचा जीव खाल्ला. माझी थोरली बहीण डेल्फिन गावातच दिलेली. तिचे यजमान ॲन्सेल्म दम्याने बेजार. वाफ देणारं मशीन लावलं की श्वास मोकळा व्हायचा, पण मशीनला वीज हवी. घरात इन्व्हर्टर होता, त्याची बॅटरी मेलेली. मी छाती ठोकून सांगितलं, "सदाकडची घे. नवीच्या तोंडात मारेल."

घेतली. आणि काही दिवसांतच ऐन दम लागलेला असताना ती बसली. डेल्फिनने वीज येईपर्यंत नवऱ्याला छातीशी टेकवून पुठ्ठ्याने वारा घातला. दुसऱ्या दिवशी चर्चमधली मिस्सा आटोपून ती तडक पडवीत आली.

"सदा, माझा माणूस डोळे पांढरे करत होता रे!" एवढंच बोलली आणि रडायला लागली.

सदाचा चेहरा उतरला. "डेल्फिनताई, दुसरी तयार होतेय. पूर्ण तपासून देतो. तीही बसली तर ही फळी मी चुलीत घालीन."

ते नुसतं बोलणं नव्हतं. त्याच्या मागच्या काही बॅटऱ्या अशाच परत आल्या होत्या. तो रात्रंदिवस कॉईल सोडत होता, परत गुंडाळत होता. त्याची बायको मनोरमा मला म्हणाली, "भाऊजी, हे जेवत नाहीत. म्हणतात, मी लोकांना फसवतोय का?" मला फार वाईट वाटलं. खोटं बोललो तर जीभ झडेल, पण मनातून माझाही विश्वास डळमळला होता. प्रश्न माझ्या मेहुण्याच्या श्वासाचा होता.

शेवटी सदाला एक गोष्ट आठवली. कारखान्यातून त्याने एक तपकिरी बाटली आणली होती, पाणी तपासायच्या औषधाची. बॅटरीत भरायचं पाणी डिस्टिल्ड, म्हणजे एकदम शुद्ध लागतं. त्यात हे औषध घातलं तर काही होत नाही. पाण्यात मीठ असेल तर मात्र ते दुधासारखं पांढरं होतं. डेल्फिनकडून परत आलेल्या बॅटरीतलं थोडं पाणी त्याने काचेच्या ग्लासात काढलं, थेंब टाकला. पांढरंफटक!

"मीठ गेलंय आत," सदा म्हणाला. "मिठाने प्लेटा खाल्ल्या. माझ्या चार्जरची चूक नाही."

मग काय, माझं डोकं फिरलं. स्कूटरला किक मारली आणि बाजारात सदाला डिस्टिल्ड पाणी विकणाऱ्याला गाठलं. भर बाजारात त्याच्या सात पिढ्या काढल्या. तो बिचारा म्हणतोय, "अंकल, आप ले जाओ, चेक करो." त्याचा सीलबंद कॅन घेऊन आलो. सदाने थेंब टाकला. पाणी स्वच्छ, आरपार. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. मनोरमाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

तांब्यातलं ते पाणी टँकरचं होतं. इथे एक सांगायला हवं. आमच्या आळीतल्या विहिरी एकेक करून खारावल्या होत्या. सगळ्यांनी मोटारी लावून उपसल्या, काहींनी टँकरना पाणी विकलं, मग समुद्र आत यायचा राहतोय होय? सदाचे वडील पांडूकाका आम्हाला नावं ठेवायचे. "हावरेपना केला तुम्ही. माझी विहीर बघा." त्यांनी ती बापाबरोबर स्वतः खणली होती. पुढे त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. हातपाय सुधारले, पण जिभेची चव गेली ती गेलीच. त्याच सुमारास त्यांची विहीरही खारावली. ते विचारायचे, "पानी कसं लागते रे?" सदाने घरातल्यांना, आम्हा शेजाऱ्यांनाही बजावून ठेवलं होतं. सगळे म्हणायचे, "गोड." केळीची पानं कडेने करपायला लागली तेव्हा सदाने सांगितलं, रोग पडलाय. म्हाताऱ्याचं मन मोडू नये, एवढाच हेतू. वाडी बसत गेली, आणि काका रिकामे होऊन पडवीत खाटेवर बसायला लागले.

त्या संध्याकाळी आम्ही अंगणात कॅनभोवती डोकं धरून बसलो होतो. पडवीत काका खाटेवरून उठले. हातात डबडं. डेल्फिनसाठी तयार होत आलेली बॅटरी चार्जरला लावलेली, गॅस बाहेर पडावा म्हणून वरची बुचं उघडी. काका वाकले, एका भोकात डोकावले आणि रोपाच्या मुळाशी पाणी घालावं तसं डबडं अलगद कलतं करायला लागले.

"बाबा!" सदाने धावत जाऊन हात धरला. थोडक्यात वाचली.

"अरे, तळाला गेलंय पानी," काका म्हणाले. "खाली गेलेलं दिसलं की घालतो मी. तू इसरतोस. तहानलेल्या ठेवून कशा जगतील त्या?"

जन्मभर माळीकाम केलेला माणूस. कोरडं दिसलं की शिंपणार. आणि स्वतःच्या विहिरीचं, जगातलं सगळ्यात चांगलं पाणी.

बॅटरीचं आधी सांगून टाकतो. ती दोन दिवसांनी डेल्फिनकडे गेली आणि पक्की टिकली. ॲन्सेल्मचा तो उन्हाळा नीट निघाला. सदाची फळी चुलीत गेली नाही.

पण त्या संध्याकाळी सदा कितीतरी वेळ वडिलांचा हात धरून उभा होता. मी खुणेने म्हणत होतो, नको सांगू, दुसरं काहीतरी सांग. पण तो थकला होता बहुतेक. त्याने दोन ग्लास घेतले. एकात कॅनमधलं पाणी, एकात काकांच्या डबड्यातलं. दोन्हींत थेंब टाकला.

काकांनी पांढरा झालेला ग्लास उचलून डोळ्यांजवळ धरला.

"मीठ आहे, बाबा. आपली विहीर खारावली. तुम्हाला झटका आला त्या वर्षीच."

"आनि चहा?"

"टँकरच्या पाण्याचा," मनोरमा म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मला वाटलं, आता म्हातारा कोसळणार. काका कोसळले नाहीत, चिडले. एवढे चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"मी इचारलं होतं तुम्हांला! रोज इचारत होतो. खरं सांगितलं असतं तर तेव्हाच मोटार बंद केली असती. दोन पावसाळे इहिरीला हात लावला नसता. निवळून परत गोड झाली असती ती! मी इथं बसून तिचाच उपसा करत होतो, केळी मरतायत म्हनून आनखी पानी घालत होतो!"

मी पुढे होऊन त्यांच्या हातातला ग्लास काढून घेतला.

काका भिंतीला धरत धरत मोटारीपाशी गेले. उरलेल्या माडांसाठी ती अजून चालू होती. त्यांनी खटका पाडला, फ्यूज उपसून काढला आणि बंडीच्या खिशात घातला.

"बाबा, आता उशीर झालाय," सदा म्हणाला. "आता काही उपयोग नाही."

काकांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"उशीर कोनी केला?"