म्हशीचं म्हणून सांगितलेलं कातडं

माझ्या बायकोची एक हातपर्स कपाटात आहे. तपकिरी रंग, पितळी चाप, खांद्याला अडकवायचा पट्टा. ती हत्तीच्या कातड्याची आहे. हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं आणि मी बायकोला म्हशीचं म्हणून सांगितलं. आयुष्यात तिच्याशी खोटं बोललो ते एवढंच. मी तोंडावर बोलणारा माणूस, त्यापायी नातेवाईक तोडले. पण इथं जीभ वळली नाही.

आम्ही कोल्हापूरकडचे चांभार. मी चौथीपर्यंत शिकलो आणि मग कातडं कापायची रापी हातात घेतली. मुलगा शिकला, कॉम्प्युटरमध्ये गेला, अमेरिकेत आला आणि दोन हजार दोन साली आम्हा दोघांना एडिसनला घेऊन आला. घरात बसून मला वेड लागायची पाळी आली. शेवटी ओक ट्री रोडच्या पलीकडं एका इटालियन म्हाताऱ्याचं बूट दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं जाऊन उभा राहिलो. त्याला मराठी येत नव्हतं, मला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं एक फाटका बूट पुढं टाकला. मी शिवून दिला. त्यानं शिवण उलटी करून बघितली आणि एक स्टूल दाखवलं. ते स्टूल पुढं माझंच झालं.

बायको म्हणायची, "तुम्ही जन्मभर कातडंच कमावलं. दुसरं कधी काही कमावलं नाही, आणि आता अमेरिकेत येऊन तेच."

त्या दुकानात मी कधी न बघितलेली कातडी बघितली. शहामृगाचं, त्यावर पिसं उपटलेल्या जागी फोडासारखे दाणे. अजगराचं. मगरीचं, चौकोन चौकोन. टेक्सासकडचे लोक असले बूट घालतात, आणि त्यांतले काही आमच्या बाजूला राहायला आलेले. एकदा करड्या रंगाचे बूट आले. मी हात फिरवला तर केसाचं भोक कुठं सापडेना. म्हशीचं कातडं असलं की भोकं दिसतात. इथं नुसत्या घड्या, तळं आटल्यावर चिखल फाटतो तशा. भोकं पाडायची आरी आत जाईना. म्हातारा म्हणाला, "एलिफंट." वर हातानं सोंड करून दाखवली. मग एक कागद दाखवल्यासारखं केलं, म्हणजे सगळं कायद्यानं आहे, सरकारचे शिक्के आहेत.

असेल. आमच्याकडं मेलेल्या जनावराचं कातडं घ्यायचो. ती म्हैस कुणाच्या दारात किती वर्षं बांधलेली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं. त्या बुटातला हत्ती कुणाला ठाऊक होता?

घरी मी हे बोललो नाही. बायकोच्या माहेरी मठ होता आणि मठाची हत्तीण होती. लहानपणी ही रोज शाळेला दांडी मारून तिला केळाची सालं घालायची. सोंडेला गाल लावायची. लग्नात तिच्या आईनं तिला अंगठ्याएवढा पितळेचा गणपती दिला होता, तो विमानातसुद्धा तिच्या मुठीत होता. असल्या बाईला काय सांगायचं, मी आज हत्तीला आरी टोचली?

पुढं मुलगा कामासाठी टेक्सासला गेला आणि येताना आईला पर्स घेऊन आला.

"आई, एक्झॉटिक लेदर आहे. एकदम टॉप."

त्याला वाटलं एक्झॉटिक म्हणजे भारी. मला लांबूनच घड्या दिसल्या. बायकोनं पर्स मांडीवर घेतली, तिच्यावरून हात फिरवला, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "कसलं कातडं वो हे?"

मुलगा नुसता हसत उभा होता. आईला स्वतःच्या कमाईची पहिली मोठी वस्तू आणली होती त्यानं.

मी म्हणालो, "म्हशीचं."

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतर वर्षभरात तिला आजार निघाला. पोटातला. दर पंधरवड्याला हॉस्पिटल. सून ड्राइव्ह करायची, आम्ही दोघं मागं बसायचो, आणि पर्स बायकोच्या मांडीवर. माझी खात्री होती की तिचा गणपती आतच असणार. आत नेताना ती पर्स माझ्याकडं द्यायची, आणि मी त्या खुर्च्यांच्या रांगेत ती धरून बसायचो. हत्तीच्या कातड्यात गणपती, आणि ठेवायला लावलं कुणी, तर मी. मी देवभोळा माणूस नाही. तरी रोज मनात यायचं की हिच्या पोटातलं वाढतंय ते ह्याच्यामुळं. आज सांगू, उद्या सांगू. पण सांगितलं असतं तर तिनं पर्स टाकली असती, मुलानं का म्हणून विचारलं असतं, आणि आजारी बाईच्या घरात ते एक नवीन दुखणं झालं असतं. अशी मी माझी समजूत घातली. खरं म्हणजे धीर नव्हता.

एकदा पर्सचा पट्टा तुटला. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिवायला घेतला. ती समोर बसली होती, डोक्याला रुमाल बांधून. मी आरी घातली तर ती म्हणाली, "हळू टोचा वो."

"माझ्या बोटाला नाही टोचत. चाळीस वर्षं झाली मला."

पट्ट्याचं दुसरं टोक तिनं धरलं होतं, ते शिवण होईपर्यंत सोडलं नाही.

मार्चमध्ये ती गेली. बाहेर बर्फ वितळून सगळा चिखल झाला होता.

चौदाव्या दिवशी मी पर्स उघडली. गणपती काढून घ्यायचा आणि पर्स कुठंतरी पुरून टाकायची असं ठरवलं होतं. आत औषधांच्या चिठ्ठ्या निघाल्या, फणी, खोकल्याच्या गोळ्या, माझ्याच शर्टाचं एक बटण. गणपती नव्हता. सगळी शिवण चाचपली. मग सुनेला हाक मारली.

सून पुण्याची. तिच्या बोलण्यात निम्मं इंग्रजी, पण सासूची सेवा तिनं मुलीसारखी केली. ती आत गेली आणि चष्म्याची एक प्लॅस्टिकची डबी घेऊन आली. डबीत कापूस, कापसात गणपती.

"अण्णा, हे आईंनी त्याच दिवशी माझ्याकडे दिलं होतं. पर्स आणली त्याच दिवशी. हॉस्पिटलला जाताना मी माझ्या बॅगेत ठेवायचे."

"का दिला म्हणाली?"

आमच्याकडच्या बायका पुरुषासारखं 'आलो, गेलो' म्हणतात. सूनबाई त्याला सुरुवातीला हसायची. आता तिनं सासूचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"म्हणाल्या, 'मी हात लावला आणि वळखलो. मठाच्या हत्तिणीच्या मानेला असंच लागायचं. आणि म्हैस म्हणताना ह्यांचे कान लाल झाले. त्यांना बोलू नकोस. पोरानं हौसेनं आणलंय.'"

म्हणजे हॉस्पिटलच्या गाडीत आम्ही दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवून, खांद्याला खांदा लावून बसत होतो. आणि 'हळू टोचा' ती मला म्हणालीच नव्हती. म्हणजे मला म्हणाली होती, पण माझ्या बोटासाठी नाही.

तिला ती पर्स मांडीवर घेताना काय वाटत असेल? मठाची हत्तीण आठवत असेल? की सवय झाली असेल? विचारायला आता कोण आहे.

गेल्या रविवारी मुलगा तिचे कपडे दान करायला पिशव्या भरत होता. पर्स हातात घेऊन म्हणाला, "अण्णा, म्हशीचं लेदर आहे, टिकेल अजून. कुणीतरी वापरेल."

"म्हशीचं नाही," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. त्याच्या आईपाशी कच खाल्ली होती, ते त्याच्यापाशी बोललो.

तो तिथंच जमिनीवर बसला. चाळिशीला आलेला माणूस, पण पर्स अशी धरून बसला, जशी काही ती आता हलेल.

"मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "दुकानात विचारलंच नाही मी, कशाचं आहे."

"मी सांगायला पाहिजे होतं."

"आई रागावली होती का, अण्णा?"

मला माहीत नाही. मला खरंच माहीत नाही.

"नाही," मी म्हणालो.

कान गरम झालेले मला समजले. त्याचं लक्ष नव्हतं. कान बघणारी एकच होती.