अळणी

आमच्या घरात काळीज एकच होतं, मामंजींचं. बाकीच्यांच्या छातीत काय धडधडत होतं, त्याची कुणी कधी चौकशी केली नाही.

मी लग्न होऊन पिंपरीजवळच्या त्या गावात आले, तेव्हा शिवाराच्या पलीकडं औषधाचा कारखाना नुकता सुरू झाला होता. आमचे हे आणि माझे मोठे दीर, दोघंही तिथं लागले होते. पोरं शेत सोडून कंपनीत जाणार हे कानावर आलं, त्याच दिवशी मामंजी छातीला हात लावून पडवीत आडवे झाले म्हणे. त्या दिवशी सकाळपासून त्यांनी भाजलेल्या शेंगांचा फडशा पाडला होता. हे मला माझ्या थोरल्या जाऊबाईंनी सांगितलं, तोंडावर पदर धरून हसत. पोरांनी काही कंपनीची नोकरी सोडली नाही, पण मामंजींना काळजाचा आजार जडला तो जडलाच.

मग काय विचारता. जात्यावर ओवी म्हणायची नाही, मामंजींना सोसत नाही. भाकरी दणादण थापायची नाही. कुणी शब्दाला शब्द दिला की त्यांचा हात सावकाश छातीकडं निघायचा. तो हात निघाला की माझे मोठे दीर, एवढा धिप्पाड गडी, शेळी होऊन जायचे. "आबा, तुमी म्हणाल तसं," एवढंच त्यांच्या तोंडून निघायचं.

आणि त्या घरची रीत अशी की सासरा समोर असताना सुनेनं बसायचं नाही. आता मामंजी शेतावर जाणारे असते तर हरकत नव्हती. पण आजारी माणूस तो, पडवी सोडून हलतच नव्हता. पडवी ओलांडल्याशिवाय आम्हाला ना चुलीकडं जाता येत होतं ना अंगणात. पाण्याचा तांब्या, पानाचा डबा, पायाला तेल, सगळं जाऊबाईंच्याच हातचं लागायचं. मी तोंडाळ, म्हणून मला ते फारसे हाक मारत नसत.

जाऊबाई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, अंगानं बारीक, गालांवर कायम लाली. लोक म्हणायचे, काय तेज आहे बाईच्या तोंडावर. विहिरीवरून हंडे घेऊन येताना चढावर त्या थांबायच्या आणि डोक्यावरची चुंबळ सारखी करायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, चुंबळ सैल बांधतात. मग माझ्या लक्षात आलं, चुंबळ जागच्या जागी असायची, दम मात्र जागेवर नसायचा. संध्याकाळी त्यांची पावलं सुजायची, जोडवी रुतून बसायची. रात्री आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून त्या धान्याच्या कणगीला टेकून बसल्या बसल्या झोपायच्या. मामंजी सकाळी म्हणायचे, "थोरली बसून झोपती. आळशाला उठायचाबी कटाळा." दीर हसायचे. मला त्या हसण्याची अजून चीड येते. दिवसभर उभी आणि रात्रभर बसलेली, अशी ती बाई जगत होती.

एकदा जत्रेच्या जेवणावर आडवा हात मारून मामंजींना खरंच कळ आली. आमचे हे सायकल मारत निर्वासितांच्या कॅम्पात गेले आणि तिथला डॉक्टर घेऊन आले. फाळणीत सगळं टाकून आलेला माणूस, मराठी मोडकंतोडकं, पण हात शांत. त्यानं मामंजींची नाडी पाहिली, दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब पाहिला, छातीला नळी लावून पुढून ऐकलं, मागून ऐकलं. मग म्हणाला, "बाबा, तुमचा दिल एकदम पक्का आहे. पोटात गॅस आहे. कमी खायचं."

मामंजींचं तोंड असं झालं, जणू कुणी भर पंचायतीत त्यांची पगडी उतरवली.

हात धुवायला पाणी हवं होतं. जाऊबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. डॉक्टरनं हात पुढं केले, पण त्याचं लक्ष पाण्याकडं नव्हतंच. तो त्यांच्या गळ्याकडं बघत होता. तिथं एक शीर फुगून उडत होती. मग त्यानं खाली पावलांकडं पाहिलं. म्हणाला, "ह्या ताईला बसवा."

कुणी हललं नाही. जाऊबाईंनी मामंजींकडं पाहिलं. शेवटी मीच त्यांचा दंड धरून आत नेलं आणि पाटावर बसवलं. डॉक्टरनं लुगड्यावरूनच नळी लावली आणि बराच वेळ डोळे मिटून ऐकलं. विचारलं, लहानपणी घसा दुखून ताप आला होता का, सांधे सुजले होते का. जाऊबाई म्हणाल्या, व्हय, न्हातीधुती व्हायच्या आधी. आज गुडघा, उद्या मनगट, एक सोडला की दुसरा धरायचा. आईनं निर्गुडीचा शेक दिला, आपोआप गेलं.

"सांधे सोडून गेलं, दिलाला धरून बसलं," डॉक्टर म्हणाला. मग दिरांना समजावून सांगितलं. काळजात चार खोल्या असतात, मध्ये झडपा. रक्त पुढं गेलं की झडप मिटते. हिची डावीकडची झडप त्या तापानं आवळून गेलीय, दार नीट उघडत नाही. रक्त मागं फुफ्फुसात तुंबतं, म्हणून धाप, म्हणून आडवं होता येत नाही. नाडीचाही ताल सुटलाय. घशाच्या त्या आजारावर आता औषध आहे, तुमच्याच कारखान्यात बनतंय ते. तेव्हा मिळालं असतं तर ही वेळ आली नसती. आता जपायचं. ओझं उचलायचं नाही, दिवसातून थोडं पडायचं, ही गोळी रोज अर्धी, आणि जेवणात मीठ बंद. मिठानं अंगात पाणी साठतं. मीठ सोडलं, गोळी चालू ठेवली, तर ही पुष्कळ दिवस काढील. नाही तर नाही.

एवढं स्वच्छ सांगून तो माणूस सायकलीवरून निघून गेला. म्हणून कुणी मला म्हणू नये की आम्हाला माहीत नव्हतं.

मामंजी दुसऱ्या दिवशी जेवलेच नाहीत. डॉक्टर आणला त्यांच्यासाठी आणि आजार निघाला सुनेचा, हा अपमान त्यांना पचेना. दिरांनी औषधाची बाटली आणून कोनाड्यात ठेवली, तशी मामंजींनी विचारलं, "काळजाचंच हाय न्हवं? मंग घरात काळजाचा आजार आदी कुणाला हाय?" हात छातीकडं निघाला. दिरांनी बाटली त्यांच्या उशाशी ठेवली.

रोज सकाळी जाऊबाईच त्यांना गोळी द्यायच्या, पाण्याच्या तांब्यासकट, उभ्यानं. अर्धीनं काय होतंय म्हणून मामंजी अख्खी घ्यायला लागले, मग सकाळ-संध्याकाळ. थोड्याच दिवसांत त्यांना मळमळायला लागलं, अन्नावरची वासना उडाली आणि सगळं पिवळं दिसायला लागलं. भिंत पिवळी, धोतर पिवळं. दुधाचा पेला त्यांनी जाऊबाईंच्या अंगावर भिरकावला. "ह्यात काय कालवलंस? मला मारायला बसलीस?" दिरांनी बायकोला बापाचे पाय धरायला लावले. ती बाई वाकली ती लवकर उठेना. पायावर डोकं ठेवून धापा टाकत होती आणि मामंजी म्हणत होते, "आता कशी पस्तावली बगा."

बाटली उकिरड्यात गेली. औषध बंद झाल्यावर मामंजी ठणठणीत झाले आणि औषध विषारीच होतं हे सगळ्या गावाला पटलं. दुसरी बाटली आणा असं मी म्हटलं, तर आमचे हे म्हणाले, "घरात तमाशा नको." सायकलवर मागं बसवून कॅम्पात तरी न्या म्हटलं, तर सायकल कुलपात.

राहिलं मीठ. ते तरी आमच्या हातातलं होतं. मी म्हटलं, जाऊबाईंचं कालवण आधी काढून ठेवते, मग मीठ घालते. मामंजींना कुठून सुगावा लागला देव जाणे. त्या घरात अळणी शिजायचं ते फक्त सुतकात, कुणी गेलं तर. ते पडवीतनं ओरडले, "मी जित्ता हाय अजून. माज्या घरात अळणी शिजवून कुणाच्या मरणाची वाट बगताय?"

त्यांना मी जुमानलं नसतं. पण चोरून काढलेल्या वाटीत एक दिवस जाऊबाईंनी स्वतःच्या हातानं मीठ घातलं. माझ्या डोळ्यांदेखत. मी हात धरला तर म्हणाल्या, "नगं ग. मामंजींचं सोड, पण अपशकुन ह्यांच्यावर फिरला तर? कपाळाला कुंकू हाय तवर मिठाचंच खाईन." आणि खाल्लं. चवीनं खाल्लं. त्यांचा मला राग आला, आणि रडूही.

पुढच्या उन्हाळ्यात दुपारी मामंजी जेवून चूळ भरत होते. जाऊबाई तांब्या धरून उभ्या होत्या. आधी तांब्या पडला. मामंजी म्हणाले, "धांदरट." मग त्यांना दिसलं की सूनही पडलीय.

जाऊबाईंची आई आली ती वेशीपासून आक्रोश करत. पडवीच्या पायरीवर दिरांनी तिला अडवलं आणि हळू आवाजात सांगितलं, आबांना सोसत नाही. म्हातारीनं लेकीच्या उशाशी बसून पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तशीच रडली.

तिसऱ्या दिवशी राख सावडून सगळे आले आणि घरात चूल पेटली. कालवण मीच केलं. रीतीप्रमाणं अळणी. डॉक्टरनं सांगितलं होतं तसं, पहिल्यांदा, राजरोस, सगळ्या घराला.

मामंजींनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं. "घशाखाली उतरंना. मी आजारी माणूस, मला कसली आलीय रीत. धाकटे, मीठ आण."

मी आत गेले नाही. होते तिथंच, त्यांच्यासमोर, जमिनीवर बसले. मांडी घालून बसले. घरातल्या सगळ्यांनी बघितलं.

मामंजींचा हात सावकाश छातीकडं निघाला.

मोठे दीर अर्ध्या जेवणावरून उठले. आत जाऊन चिमूटभर मीठ आणलं आणि बापाच्या ताटात वाढलं. मामंजी त्या दिवशी दोन भाकरी जेवले.