अपंग वर्षाचा ओटा

धुळ्याबाहेरच्या टेकडीवर वनखात्याने उद्यान केलं. त्यात चार हरणं सोडली, एक घसरगुंडी बसवली आणि येणाऱ्या माणसाला पोट असतं, पोटाखाली आणखी काही असतं, हे खातं साफ विसरून गेलं. फाटकाशी भाजलेल्या शेंगा विकणाऱ्या भागाबाईला मात्र ते विसरण्याची सोय नव्हती. लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही पाय लुळे पडलेले. बेअरिंगच्या चाकांची फळी, तिच्यावर मांडी ठोकून बसायचं आणि हातांनी जमीन रेटत फिरायचं. सकाळी भावजय ढकलत आणून सोडी, ती थेट दिवेलागणीला न्यायला येई. बाकीच्या बायका बाभळीआड जाऊन येत. काट्यांतून फळी जात नाही. म्हणून भागाबाईने सात वर्षं स्वतःपुरता उपाय काढला होता. घरून निघाल्यावर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. धुळ्याच्या वैशाखात, शेंगांच्या भट्टीसमोर बसून. डॉक्टर म्हणाले, "बाई, दिवसभर पाणी पीत जा, नाहीतर मूत्रपिंडं जातील."

"पानी पिसू," ती म्हणाली, "पन मंग जाऊ कोठे?"

उद्यानाचे वनपाल देवचंदसाहेब. त्यांना ती वर्षातून चारदा सांगायची आणि साहेब मान हलवायचे, कारण मान हलवायला वरची मंजुरी लागत नाही. मग एक्याऐंशी साल उजाडलं. ते म्हणे अपंगांचं वर्ष होतं. तुमच्या हद्दीत अपंगांसाठी काय केलंत, असं वरून पत्र आलं आणि साहेब धावत फाटकाशी आले. सात वर्षं डोळ्यांसमोर बसलेली बाई त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

भागाबाईने आपल्या फळीची रुंदी सुतळीने मोजली, गाठ मारली आणि सुतळी त्यांच्या हातात दिली. "साहेब, दार इतलं रुंद करा. आनि खाल जमीनले लागीसन ठेवा. बस, दुसरं काही नको."

काम नथ्थू गवंड्याकडे गेलं. नकाशात दारापर्यंत उतार काढलेला होता. नथ्थूने तो बघितला आणि त्याला साहेबांची कीव आली. उभ्या हयातीत त्याने बिनओट्याचं घर बांधलं नव्हतं. आमच्याकडे माणसाची पत त्याच्या ओट्यावरून ठरते. घरात दाणा नसेल, पण ओटा शेजाऱ्यापेक्षा चार बोटं उंच पाहिजे.

"उतारवरथीन पानी जास साहेब, मानूस नही," नथ्थू म्हणाला. "ओटा नही ते घर कसानं? गाव तुमले नाव ठेवी."

देवचंदसाहेबांच्या स्वतःच्या घराचा ओटा गल्लीत सगळ्यांत उंच होता. त्यांना पटलं.

महिनाभरात शौचालय उभं राहिलं. गुळगुळीत शहाबादी फरशीचा ओटा, तीन पायऱ्या, वर 'अपंगांसाठी' अशी लाल पाटी. दार अगदी सुतळीबरहुकूम, फक्त जमिनीपासून दोन हात वर. संध्याकाळी गावातली धडधाकट मंडळी ओट्यावर पत्ते कुटायला बसू लागली. भागाबाईने खालून पायरीवर तळहात ठेवून बघितला. तिला रडू नाही आलं, संताप आला. तिने सुतळी परत मागितली, तर साहेब म्हणाले, ती फायलीला लावली आहे.

उद्घाटनाला नानासाहेब नावाचे पुढारी आले. वाटेत तीन ठिकाणी सत्कार आणि तिन्ही ठिकाणी उसाचा रस झाला होता. फोटोसाठी अपंग हवा म्हणून चार वनरक्षकांनी भागाबाईला फळीसकट उचलून ओट्यावर ठेवलं. नानासाहेबांनी फीत कापली, टाळ्या झाल्या. वनरक्षक तिला उतरवायला वाकले, तेवढ्यात तिने दोन्ही हातांनी रेटा दिला. फळी सुतळीच्या मापाने सरळ आत गेली. आतून कडी लागली.

लोक हसले. भाषण सुरू झालं, संपलं. नानासाहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागले. अख्ख्या टेकडीवर आडोसा एकच होता, आणि बाभळीआड जावं तर मागे तीनशे माणसं आणि फोटोवाला. अखेर त्यांनी स्वतः दार ठोठावलं. "अक्का, झालं का?"

"मनं कव्हाच व्हयनं," आतून आवाज आला. "पन मी सात वरीस थांबनू, तुम्ही घडीभर थांबा. ओटा फोडाना आवाज उना का कडी काढसू."

नानासाहेबांनी देवचंदसाहेबांकडे बघितलं. साहेब मंजुरीबद्दल काहीतरी बोलू लागले होते, पण नानासाहेबांचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. नथ्थूला टिकाव देण्यात आला. पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत त्याने स्वतःची शहाबादी फरशी फोडली. पहिल्या घावाला त्याच्याच तोंडून 'अरे देवा' निघालं. पायऱ्या गेल्या, भर टाकून उतार झाला. तोवर नानासाहेब घामाघूम होऊन खांबाला धरून उभे होते.

कडी निघाली. भागाबाई उतारावरून कोणाचा हात न लागता खाली आली. नानासाहेब तिच्या बाजूने आत पळाले. तिने हरणांच्या हौदाशेजारचा माठ जवळ ओढला आणि ती भर दुपारी, सगळ्यांसमोर, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. मग तांब्या पुन्हा भरला.