जिन्याची पाळी

जर्मनीत विश्वचषक झाला त्या वर्षी गेर्लिंगेनला आमच्या वरच्या मजल्यावर एक अमेरिकन फुटबॉलपटू राहायचा. वय वीस, पण ऐट अशी की कप याच्याच घरात आहे. मी दोन-तीनदा त्याच्या क्लबचा सामना बघायला गेलो, तर हा आपला राखीव बाकावर च्युइंगम चघळतोय. "नेक्स्ट सीझन फर्स्ट टीम, मॅन!" हे पालुपद.

जिना झाडायची त्या आठवड्याची पाळी ज्याची, त्याच्या दारावर पाटी टांगतात, ही तिथली रीत. त्याच्या आठवड्यात पाटी हमखास आमच्या दारावर यायची. शेवटी जाब विचारला.

"पाय जपावे लागतात, मॅन," म्हणाला, आणि सही केलेला स्वतःचा फोटो माझ्या हातात ठेवला. "जपून ठेव!"

फोटो चांगल्या जाड पुठ्ठ्याचा होता. जिन्यातला केर सुपलीत ओढायला मी तो अजून जपून ठेवलाय.