पायाला धक्के देणारा ब्रेक

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. माझ्या यजमानांनी लिलावात एक जुनी जीप घेतली होती. तिच्यातून ते भोर-वेल्ह्याच्या मधल्या गावांना माणसं, पोती, कधी शेळ्यासुद्धा पोचवायचे. त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. माहेर पासलीचं, नवरा आंबवड्याचा, लग्न त्यांच्याच दारात. नवरीला न्यायला आमचीच जीप.

लग्नाच्या थोडं आधी भाटघरजवळ सपाट डांबरी रस्त्यावर यजमानांनी ब्रेक दाबला आणि सगळी गाडी थरथरली.

"रस्त्याचं न्हाई हे," ते म्हणाले. "पाय काढला की गाडी गप. दाबला की पेडल पायाला धक्के मारतंय."

घरी आल्यावर त्यांनी पुढचं चाक जॅकवर उचललं आणि हातानं फिरवलं. मी कान लावून बसले. खर्र... मग गप... पुन्हा खर्र. प्रत्येक फेरीत एकाच जागी. चाकाच्या आतल्या लोखंडी ड्रमला ब्रेकचे पट्टे घासतात, तेव्हा गाडी थांबते. तो ड्रमच गोल राहिला नव्हता.

"उतारावरनं तापून आलो आन् तशीच ओढ्यात घातली, त्याचं हे," ते म्हणाले. ड्रम पुण्याला नेऊन लेथच्या यंत्रावर घासून पुन्हा गोल करून घ्यायला हवा होता. पण लग्नाची धावपळ. ब्रेक लागत तर होते. लग्न उरकलं की बघू, असं ठरलं.

पासलीहून निघालो तेव्हा जीपमध्ये नवरी, आई, माझे वडील आबा, मावश्या, वर रुखवताच्या ट्रंका. वेल्ह्याकडे उतरणारा रस्ता तेव्हा कच्चा होता. गियर खालचा होता, पण बोजाच एवढा की ब्रेकवरचा पाय काढता येईना. धक्के वाढत गेले. स्टिअरिंग यजमानांच्या हातात थडथडत होतं. जळका वास आला. मी त्यांच्या पायाकडे पाहिलं; पेडल खोल खोल चाललं होतं. त्यांनी जीप डोंगराच्या अंगाला घेतली, दरडीला घासत नेली आणि कशीबशी थांबवली.

आम्ही सगळे खाली उतरलो. चाकातून धूर येत होता.

"मुहूर्त टळंल, पाव्हणं!" असं म्हणत आबांनी पाण्याची कळशी उचलली आणि चाकाकडे निघाले. यजमानांनी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"पानी नको, मामा! तापल्या लोखंडावर पानी पडलं तर त्ये आनिक वाकडं व्हईल, न्हाईतर तडकंल."

जावयानं सासऱ्याचा हात धरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. आबांचा चेहरा लाल झाला. आईनं तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात बहीण पुढं आली. अंगावर हळदीचं पातळ, कपाळावर मुंडावळ्या.

"दाजी, रिकामी गाडी उतरंल का?"

"गार झाल्यावर उतरंल. पयल्या गियरात, हळूहळू."

"मग आमी चालतो."

तिनं मुंडावळ्या सोडून आईकडे दिल्या आणि चालायला लागली. तिच्यामागं मावश्या निघाल्या. मग आबांनी कळशी ठेवली आणि दोन मोठे धोंडे शोधून आणले. एक माझ्या हातात दिला.

चाकाची धग गेल्यावर जीप हलली. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं आबा, धोंडे उराशी धरून तिच्याबरोबर चालत होतो. एका वळणावर मुरूम सुटला आणि जीप दरीकडं घसरली. आबांनी धोंडा चाकापुढं टाकला. चाक त्यावर अर्धं चढलं आणि थांबलं. यजमानांचे ओठ पांढरे पडले होते.

"दम घ्या जरा," आबा त्यांना म्हणाले, "घाई न्हाई."

पुढचा उतार आम्ही तसेच धोंडे घेऊन उतरलो.

मुहूर्त टळलाच. नवऱ्याकडची माणसं तोंड पाडून बसली होती. शेवटी गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या. बहिणीच्या टाचांना फोड आले होते, पण ती ताठ उभी राहिली.

ड्रम लेथवर घासून आल्यावर धक्के बंद झाले. पुढं यजमान उतार सुरू व्हायच्या आतच गियर खाली घेत. ड्रम पुन्हा वाकडा होऊ नये म्हणून चाकाचे नट एका अंगानं न पिळता समोरासमोरचे आवळत. गाडी तापली असली की ओढ्याच्या अलीकडं उभी करत आणि चाकाजवळ हात नेऊन बघत. माणसं कुरकुरायची. आबा गाडीत असले, तर आधी तेच खाली उतरायचे आणि सावली बघून विडी पेटवायचे.