तरव्यातनं पळा

"तुला इथे डोकं चालवायला आणलेलं नाही," दिग्दर्शक म्हणाला. "तोंड चालवायला आणलंय. मी सांगीन ते ह्यांच्या भाषेत सांग. बस."

हे तो इंग्रजीत म्हणाला. साठ-सत्तर माणसांसमोर. मेकअप करणारी मुलगी खाली बघून हसली. बांधावर उकिडव्या बसलेल्या गावातल्या बायकांना शब्द कळले नाहीत. काय झालं ते कळलं. माझी मामी त्यांच्यातच बसली होती.

मी एवढंच म्हटलं होतं की सर, ते गवत नाही. तो तरवा आहे. भाताची रोपं आहेत.

शाहूवाडीच्या डोंगरात मामीचं शेत आहे. जून संपत आला होता. खाचरं रिकामी होती, तांबडा चिखल नुसता. आणि सगळ्याच्या मधे एकच वाफा हिरवागार. वीतभर उंचीची दाट, कोवळी रोपं. शहरातल्या माणसाला ती हिरवळ वाटावी. दिग्दर्शकाला तशीच वाटली. त्याच्या सिनेमात सैनिक डोंगरातल्या एका गावात शिरतात. बंडखोर लपवलेत म्हणून घरं जाळतात, माणसांना गुडघ्यावर बसवतात, मारतात. सैनिकांची रांग त्या हिरव्यातून पळत यायला हवी, असं त्याला त्या सकाळी सुचलं. काळे बूट आणि हिरवं गवत.

मी त्याला सांगायला गेले. बी एकाच वाफ्यात टाकतात. रोपं वर आली की ती उपटून, मुठी बांधून, बाकीच्या सगळ्या खाचरांत लावतात. हा एक वाफा म्हणजे मामीची चारही खाचरं. त्याने दुसऱ्या वाक्यापर्यंत ऐकलं. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाला, नुकसान भरून देऊ. मला सांगायचं होतं की हे भरून देता येत नाही. आज पुन्हा बी टाकलं तरी रोप लावणीजोगं व्हायला महिना जाईल, तोवर लावणी संपलेली असेल. हे सगळं इंग्रजीत जुळवेपर्यंत तो वळला होता. मी मागून "पण सर" म्हणाले. त्यावर तो ते बोलला.

मी गप्प बसले. त्याची मला सवय आहे.

माझे वडील कोल्हापुरात एका इंग्रजी शाळेची बस चालवतात. म्हणून मला त्या शाळेत घेतलं. वर्गात मराठी बोललेल्या मुलीला दाराबाहेर उभं करायचे. पहिल्या महिन्यात मी चार वेळा उभी राहिले. एकदा माझे वडील बस धुऊन बादली घेऊन तिथून गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. पाचव्यांदा मी उभी राहिले नाही, कारण मी बोललेच नाही. शाळेत माझं इंग्रजी ऐकून मी कुठल्या घरातली ते ओळखायचे. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत माझी मराठी ऐकून पोरी म्हणायच्या, आली बघा गोऱ्या सायबाची भाची. दोन्हीकडे गप्प बसणं सोपं होतं.

कॉलेज झाल्यावर हे काम मिळालं. मुंबईहून आलेल्या युनिटला इंग्रजी येणारी आणि गावची बोली समजणारी मुलगी हवी होती. मी भाषा सहायक झाले. गाव मीच सुचवलं. आजोळ आहे हे मात्र सांगितलं नाही. ओळखीतल्या कुणाचं तरी गाव आहे, असं म्हणाले.

पहिल्याच दिवशी मामी भाकरीचं फडकं घेऊन आली. चिखलाच्या पायांनी थेट व्हॅनिटी व्हॅनपर्यंत. "आलीस व्हय गं," म्हणून माझ्या गालावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलाला लावून कडाकडा मोडली. कपडेपट सांभाळणाऱ्या मुलीने विचारलं, ही कोण? मी इंग्रजीत म्हणाले, गावातली एक बाई.

मामीला इंग्रजी येत नाही. पण मी कशी उभी होते, हात कसे मागे घेतले, हे तिला दिसलं. ती एवढंच म्हणाली, "भाकरी ठिवलीया." आणि त्या दिवसापासून युनिटसमोर ती मला म्याडम म्हणायला लागली. टोमणा नव्हता तो. मला सांभाळून घेत होती ती. म्याडम, बायका कुठं बसवू? म्याडम, ह्येंचा चहा झाला का? संध्याकाळी सगळे गेल्यावर तरी ती नेहमीसारखं पोरी म्हणेल म्हणून मी वाट बघायचे. तिने म्हटलं नाही.

करारावर तिची सही मीच घेतली होती. दोन पानं, इंग्रजीत. मी वाचून दाखवलं ते इतकंच की चार दिवस शेतात शूटिंग आहे. मामी म्हणाली, "वरच्या पडीक तुकड्यात करा म्हणावं." मी हो म्हटलं. कागदावर सगळं शेत होतं. ते मी वाचलं होतं. चार शब्द समजावून सांगायचा मला कंटाळा आला होता. घाईही होती. आणि खरं सांगायचं तर मामीला कागद समजावत बसलेली मी युनिटला दिसायला नको होते.

सैनिक झालेली पोरं जवळच्या भरती ॲकॅडमीतली होती. सैन्यात जायचं म्हणून रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी. हुकूम ऐकायची सवय असलेली, म्हणूनच त्यांना घेतलं होतं. पण ती आसपासच्या वाड्यांवरची होती. भात लावणाऱ्यांच्या घरातली.

कॅमेरा लागला. गावकऱ्यांना डोक्यावर हात ठेवून दगडी गडग्याला ओळीने बसवलं. दिग्दर्शकाने इशारा केला. पोरं बंदुका घेऊन पळत आली आणि तरव्याच्या कडेला थांबली. सगळी एकदम. कुणी सांगितलं नव्हतं. पायच उचलले नाहीत.

पुन्हा मागे नेलं. पुन्हा पळाली. पुन्हा बांधावर थांबली. पुढचा होता तो मला म्हणाला, "म्याडम, तरवा हाय न्हवं ह्यो?"

दिग्दर्शकाने विचारलं, काय अडचण आहे ह्यांची? मी म्हणाले, त्यांना कळलं नाही. तो म्हणाला, मग कळव.

माझ्या हातात भोंगा होता. मी तो तोंडाला लावला.

"तरव्यातनं पळा."

आईच्या बोलीत म्हणाले. युनिटसमोर मी ती बोली पहिल्यांदा मोठ्याने बोलले. गडग्यापाशी बसलेल्या सगळ्यांनी ऐकली. पोरांनी माझ्याकडे बघितलं. मुंबईच्या माणसाच्या हुकमाला न पळालेली पोरं माझ्या हुकमाला पळाली. बोलणारी आपल्यातली आहे, तिला माहीत असणार, असं वाटलं असेल त्यांना.

बुटांचे वीस जोड. ओला वाफा. रोपं मोडताना आवाज होत नाही. बूट चिखलातून निघतात त्याचाच आवाज.

मामीने डोक्यावर हात ठेवून बसून राहायचं होतं. ती उठली. धावत आली आणि वाफ्यात गुडघ्यावर पडली. दोन्ही हात पसरले. मावेल तेवढा तरवा हातांखाली घ्यायला बघत होती. पोरं तिला चुकवून पळत होती. एकाचा बूट तिच्या बोटांशेजारी पडला. तिने मान वर केली. कॅमेऱ्याशेजारी मी उभी होते.

"पोरी, तू तरी सांग की ह्यास्नी."

म्याडम नाही. पोरी.

भोंगा हातात होता. थांबा, एवढा एक शब्द. पण कॅमेरा चालू असताना कुणी बोलायचं नसतं. हा तिथला नियम, आणि नियम मी चांगले पाळते. मी बोलले नाही. शेवटचा सैनिक पलीकडे पोचेपर्यंत बोलले नाही.

मग कट. आणि टाळ्या. सगळं युनिट टाळ्या वाजवत होतं. मेकअपवाली रडत होती. दिग्दर्शक चिखलात उतरला, मामीचे चिखलाने भरलेले हात हातात घेतले. त्याचेही डोळे भरले होते. तो मला म्हणाला, हिला सांग, इतकं खरं मला आजवर कुठल्याच नटाने दिलेलं नाही.

मी सांगितलं, "साहेब म्हणत्यात, लई चांगलं झालं."

मामीने हात सोडवून घेतले.

"व्हय का, म्याडम," ती म्हणाली.

आमच्याकडे ज्याची लावणी आधी आटपते तो उरलेला तरवा ज्याला कमी पडलाय त्याला देतो. पैसे घेत नाहीत. दरवर्षी मामीचा तरवा उरायचा आणि ती मुठी बांधून बांधावर ठेवायची, हवा त्याने न्यावा. त्या वर्षी ती पाटी घेऊन दारोदार फिरली. लोकांनी दिला. कुणी नाही म्हटलं नाही. पण आधी स्वतःचं झाल्यावर, आणि उरला तेवढाच. निबर झालेली, पिवळी पडलेली रोपं. एक खाचर लागलं. तीन पड राहिली. नुकसानभरपाई म्हणून कुणी आलं नाही. मी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा मॅनेजरने मलाच विचारलं, तू आमची आहेस की त्यांची?

मामी तरव्यासाठी दारोदार फिरली हे मला आईने सांगितलं. मामीने सांगितलं नाही. मी लावणीला जाते म्हणाले तर आई म्हणाली, "आता कशाला जातीस?"

थंडीत सिनेमा जोडून तयार झाला. इंग्रजी सबटायटल्स मीच करायची होती. घरी, पलंगावर लॅपटॉप घेऊन मी तो प्रसंग पाहिला. सुंदर दिसत होता. खोटं कशाला बोलू. काळे बूट, हिरवं गवत, त्यात एक म्हातारी होत चाललेली बाई. ती मान वर करते, थेट कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघते आणि बोलते.

मी जसंच्या तसं लिहिलं. पोरी, तू तरी ह्यांना सांग.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाचा व्हिडिओ कॉल आला. त्याने विचारलं, ही पोरी कोण? पडद्यावर कुणी पोरगी नाही.

मी म्हणाले, "मी."

त्याला कळलं नाही. मी सांगितलं. ती माझी मामी आहे, ती अभिनय करत नव्हती, तो तिचा वर्षाचा भात होता आणि ती मला हाक मारत होती. एका दमात बोलले, इंग्रजीत. पहिल्यांदाच शब्द जुळवत बसले नाही. तो खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, हे विलक्षण आहे, ह्याने तर प्रसंग आणखी मोठा होतो. मुलाखतीत सांगण्यासारखं आहे. पण प्रेक्षकाला गोंधळ नको. तिथे लिही, देवा, तू तरी ह्यांना सांग.

"मी लिहिणार नाही."

"काय?"

"ती देवाला म्हणाली नाही. मला म्हणाली. मी दुसरं काही लिहिणार नाही."

तो चिडला नाही. हसला. म्हणाला, एका ओळीसाठी एवढं करू नकोस, दुसरं कुणीही लिहील.

ती ओळ दुसऱ्या कुणीतरी लिहिली. सिनेमा बाहेरच्या देशांत फिरून आला. जिथे गेला तिथे लोक उभे राहिले म्हणे. पोस्टरवर मामीचा चेहरा आहे, तोंड उघडं, हात पसरलेले. खाली तिचं नाव नाही. सत्तेच्या क्रौर्याविरुद्ध उठलेला आवाज, असं कुणीतरी लिहिलंय.

मी काही थांबवू शकले नाही. तरवा तुडवताना नाही, ओळ बदलताना नाही. भरपाई आणता आली नाही. तीन खाचरं पड राहिली ती राहिली. मामी अजून मला म्याडम म्हणते. गेल्या महिन्यात गेले तेव्हा बसायला पाट दिला, चहा दिला, जसा बाहेरच्या माणसाला देतात तसा. मी म्हणाले, मामी, माझं चुकलं. ती चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणाली, "चुकलं न्हाय. तू सांगितलंस त्यास्नी. म्या ऐकलं की."

तिने मला माफ करावं म्हणून मी हे लिहीत नाही. तिने ते करू नये.

पुढच्या महिन्यात सिनेमा कोल्हापुरात दाखवणार आहेत. नंतर चर्चा आहे. दिग्दर्शक येणार आहे. मला बोलावलेलं नाही, मी तिकीट काढलंय. एवढ्या लोकांसमोर मी आयुष्यात कधी उभी राहिलेली नाही. माझा आवाज बारीक आहे आणि घाबरले की आणखी बारीक होतो. तरी मी उभी राहणार आहे. ती बाई माझी मामी आहे, हे सांगणार. तिचं पूर्ण नाव सांगणार. तो तरवा होता, आणि पळा असं भोंग्यावरून सांगणारी मी होते, हेही सांगणार. आधी मराठीत, मग इंग्रजीत, म्हणजे कुणाला कळलं नाही असं व्हायला नको.

माईक दिला नाही तर बिनमाईकची बोलेन. बाहेर काढलं तर दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. त्यानंतर जिथे जिथे तो दाखवतील, तिथे तिथे जाईन.